हॉर्न दिला होता ना!

पुण्यातल्या कुठल्याही चौकात कोणी कोणाला ठोकलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अहो, हॉर्न दिला होता ना मी!" म्हणजे हॉर्न दिला, पावती फाडली, आता पुढचं बघून घ्यायचं काम समोरच्याचं. माझा आक्षेप या पावतीवरच आहे. ध्वनिप्रदूषणावर पुष्कळांनी लिहिलंय, ते बरोबरच आहे, पण आज ते बाजूला ठेवतो. हॉर्न फक्त 'कोणीतरी आहे' एवढंच सांगतो. 'कुठे आहे' हे ऐकणाऱ्याचे दोन कान मिळून शोधून काढतात. आणि सगळ्यांचे दोन्ही कान चालत नसतात.

माझा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला. उजवा ठणठणीत आहे. फोन, मीटिंग, गाणी, सगळं व्यवस्थित चालतं, त्यामुळे हापिसात निम्म्या लोकांना हे माहीतही नाही. रस्त्यावर मात्र रोज कळतं.

थोडं टेक्निकल (विकांत आहे, सहन करा). उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांश वगैरे, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय मध्ये डोकं आडवं येतं, म्हणून लांबच्या कानाला आवाज, विशेषतः वरच्या पट्टीतला, कमी ऐकू येतो. लॉर्ड रॅलेने हे दोन हिशेब १९०७ साली नीट मांडले. पुढून की मागून, हे मात्र बाहेरच्या कानाच्या वळ्या आवाजात जो फेरफार करतात त्यावरून कळतं, आणि तोही मुख्यतः वरच्या पट्टीतच.

आता एक कान काढून टाका. वजाबाकी करायची, पण दुसरा आकडाच नाही! लॉगमध्ये एरर दिसतेय आणि सर्व्हरचं नाव गायब, असा प्रकार. त्याहून वाईट म्हणजे सगळेच आवाज चांगल्या कानाच्या बाजूने आल्यासारखे वाटतात. डावीकडून बाइक येते, हॉर्न मला उजवीकडे ऐकू येतो, आणि शरीर आपोआप आवाजापासून लांब, म्हणजे डावीकडे, सरकू बघतं. थेट बाइकच्या पुढ्यात. म्हणून मी स्वतःला सवय लावून घेतलीये: हॉर्न ऐकला की आहे तिथे थांबायचं आणि मान फिरवून बघायचं. बाइक ताशी ४० किमीने येत असेल तर त्या एका सेकंदात ती ११ मीटर पुढे आलेली असते. मग ब्रेक, आणि मग "ए, बहिरा आहेस का?"

यावर "मशीन का लावत नाहीस?" हा सल्ला ठरलेला. बाबांनो, मेलेल्या कानाच्या बाजूचा आवाज उचलून चांगल्या कानात आणून सोडणारं यंत्र मिळतं. त्याने आवाज कळतो, दिशा नाही, कारण शेवटी कान एकच. आजी-आजोबांचंही तसंच. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं, म्हणजे पुढचं-मागचं ओळखायची सोय गेली. कानामागे बसवलेल्या मशीनचा माइक कानाच्या वर असतो, त्याला त्या वळ्यांचा उपयोग होत नाही. रस्त्याच्या मधोमध गोंधळून भलतीकडे बघणाऱ्या आजोबांना तुमचा हॉर्न ऐकू आलेला असतो हो. अजून तीनदा वाजवून त्यांना काय नवीन कळणार?

आणि एका कानात इअरफोन खुपसून "दुसरा मोकळा आहे ना, सेफ आहे" म्हणत कर्वे रोड ओलांडणारी मंडळी, तुम्हीही तेवढ्यापुरते माझ्या पंगतीत.

घाटातल्या आंधळ्या वळणावर हॉर्न हवाच, त्याला माझी ना नाही. तिथे रस्ता एकच असतो, गाडी कुठून येणार ते आधीच माहीत असतं. चौकात चारही बाजूंनी पंधरा हॉर्न वाजतात तेव्हा त्यातला माझ्यासाठीचा कुठला?

कायद्याला तर आम्ही दिसतच नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट असेल तरच मोजतो. मला सर्टिफिकेट नकोच आहे, पण रस्त्यावर आम्ही किती आहोत हे त्या आकड्यांवरून कळणार नाही, एवढंच. विनाकारण हॉर्न वाजवला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार १००० रुपये दंड आहे, दुसऱ्यांदा २०००. तो भरलेला माणूस मला अजून भेटायचाय. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये काही सिग्नलवर गंमत केली होती: गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला ती कल्पना मनापासून आवडली, पण एकट्या पुण्यातले सिग्नल बघता तशाने आपण घरी पोचणार नाही :)

तेव्हा बाइकवाल्यांना आणि कारवाल्यांना माझं मागणं इतकंच. समोरचा हॉर्न ऐकून थबकला किंवा उलट्या दिशेला वळून बघायला लागला, तर पुन्हा हॉर्न देऊ नका. ब्रेक दाबा, आणि त्याची नजर तुमच्यावर येईपर्यंत थांबा.