मूल शाळेत पाणी का पीत नाही?

वस्तीत आरोग्य शिबिर घेतलं की सहावी-सातवीतल्या मुली लघवीला जळजळ होते म्हणून येतात. औषधाने बरं वाटतं, महिन्याभराने पुन्हा तेच. मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलं, त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "शाळेत पाणी पितेस का?" उत्तर बहुतेक वेळा "नाही". शौचालयाच्या दाराला कडी नाही, नाहीतर नळाला पाणी नाही. प्यायलं तर जावं लागेल, म्हणून पाणीच प्यायचं नाही. पाणी कमी आणि लघवी तासन्‌तास रोखलेली, मग जंतुसंसर्ग होतो, शौचाला खडा होतो, डोकं दुखतं. या आजाराचं अर्धं औषध दवाखान्यात नाही, शाळेत आहे.

कल्याणच्या एका वस्तीतली आई हे ऐकून तडक शाळेत गेली आणि गेटवरच बाईंशी भांडली. बाईंनीही ऐकवलं, "तुमच्या वस्तीतल्या लोकांना बोलायची रीतच नाही." आई रडत घरी आली. मुलगी लाजेने आठवडाभर शाळेत गेली नाही. कडी काही लागली नाही.

मग आम्ही पाच जणी लेखी अर्ज घेऊन गेलो. मुख्याध्यापिकेने कपाटातून फाईल काढली. दुरुस्तीसाठी तिने स्वतः दोन पत्रं पाठवली होती, उत्तर एकालाही नव्हतं. आमचा अर्ज तिने तिसऱ्या पत्राला जोडला आणि कड्या लागल्या. वस्तीचा उल्लेख करून मुलांना वा पालकांना हिणवायचं नाही, हेही आम्ही बैठकीत बोललो आणि इतिवृत्तात लिहून घेतलं. पाण्याची टाकी अजून दुपारपर्यंतच पुरते. त्याचा पाठपुरावा चालू आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : भांडा, पण कागदावर भांडा. गेटवरचं भांडण संध्याकाळी विसरलं जातं. तारीख आणि शिक्का असलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुला-मुलींसाठी वेगळी शौचालयं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी हे शाळेचे निकष आहेत. मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींना कलम 17 ने बंदी आहे. "दाखला हातात देऊ" ही धमकीही पोकळ आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. महापालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या मुलांच्या शाळेतल्या समितीत कोण आहे, हे किती जणींना माहीत आहे?

पहिला अर्ज मुख्याध्यापकांना आणि समितीला द्या. तिथे काम झालं नाही तर ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या शिक्षण विभागात द्या. आवक खिडकीवर शिक्का मारलेली पोच घ्या. कलम 32 प्रमाणे दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

आया म्हणतात, "ताई, तक्रार केली तर राग पोरावर काढतील." ही भीती खोटी नाही. म्हणूनच अर्ज एकटीच्या नावाने देऊ नका, पाच-दहा सह्या घ्या. सगळ्यांनी घरकाम, नाका बुडवायची गरज नाही. दोघींनी आळीपाळीने जावं.

एका बाबतीत मात्र समितीची वाट बघायची नाही. मुलाच्या अंगाला कोणी वाईट हेतूने हात लावला असेल, तर थेट पोलीस ठाणं गाठा किंवा 1098 ला फोन करा. पॉक्सो कायद्यात अशी माहिती दडवणं हा गुन्हा आहे, आणि तक्रारीची नोंद न घेणं हाही गुन्हाच. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बदलापूरच्या एका खाजगी शाळेत दोन चिमुकल्यांच्या बाबतीत गुन्हा नोंदवायलाच आई-बापांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्या दिवशी शासनाने सर्व शाळांसाठी सीसीटीव्ही आणि तक्रारपेटीचा निर्णय काढला. तुमच्या शाळेत ती पेटी आहे का आणि कोण उघडतं, हे जाऊन बघा.

साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला नळाला हात लावायची मनाई होती. शिपाई नसला की पाणी नाही. आज नळाला हात लावायला कोणी अडवू शकत नाही, तरी आपली लेक तहानलेली घरी येते. हे आपण चालवून घ्यायचं का?

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास थांबा. एक वही ठेवा. प्रत्येक आईने मुलाला विचारून यावं : आज शाळेत किती वेळा पाणी प्यायलास, आणि किती वेळा लघवीला गेलास? उत्तरं वहीत लिहा. पहिला अर्ज त्यातूनच तयार होईल.

जय भीम.