वाळवंटातलं गाव पाण्याने मरतंय

परवा हापिसात चहाच्या वेळी एका मित्राने वाळवंटातल्या हिरव्यागार शेतीचा व्हिडिओ दाखवला आणि ठोकून दिलं, "बोअर मारा, पाणी काढा, विषय संपला!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र सिवा आठवलं.

सिवा हे इजिप्तमधलं, लिबियाच्या सीमेजवळचं मरूद्यान. पाऊस जवळजवळ नाहीच. खजूर आणि ऑलिव्हच्या बागांवर शतकानुशतकं जगलेलं अमाझिग लोकांचं गाव. जुनी घरं मीठमिश्रित मातीची, तिला तिथे कर्शेफ म्हणतात. १९२६ साली तीन दिवस पाऊस काय झाला, शाली हा जुना कोट ढासळला आणि लोकांना तो सोडून खाली राहायला जावं लागलं. म्हणजे हे गाव कोरडेपणाच्या भरवशावर उभं आहे.

आणि आज त्याचं दुखणं काय? पाणी जास्त झालंय! हसू नका.

सिवा आहे समुद्रसपाटीच्याही खाली, साधारण १८ मीटर. बशीच म्हणा ना. आलेलं पाणी बाहेर जायला वाटच नाही. पूर्वी झरे देतील तेवढंच पाणी मिळायचं, त्यामुळे हिशोब जमत होता. मग ड्रिलिंग स्वस्त झालं आणि ज्याने त्याने आपापली विहीर पाडली. बऱ्याच विहिरींतून पाणी आपसूक वर येतं, आणि तोटी नसली की ते रात्रंदिवस वाहतच राहतं. जास्तीचं पाणी खोलगट भागातल्या खाऱ्या तळ्यांत जातं, तळी पसरतात, भूजल वर चढतं, मुळं कुजतात. ऊन पाणी पिऊन टाकतं, मीठ तिथेच राहतं. गंमत म्हणजे हे पाणी हजारो वर्षांपूर्वीचं आहे, गेलं की परत भरणार नाही. म्हणजे वर पूर आणि खाली खडखडाट!

आपल्या भाषेत सांगायचं तर हा मेमरी लीक आहे. मेमरी घेत सुटायचं आणि सोडायची सोयच करायची नाही. अशा वेळी "रॅम वाढवा" म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

आता लगेच कोणी "पूर्वजांचं शहाणपण" घेऊन येऊ नका. पूर्वज काही संत नव्हते, त्यांच्याकडे ड्रिलिंग मशीन नव्हतं एवढंच! त्यांची मर्यादा निसर्गाने घातली होती. ती आपण तोडली, तर दुसरी आपणच घालायला हवी ना? आणि शेतकऱ्याला तरी का शिव्या द्यायच्या? शेजारी पाणी उपसत असताना मी एकट्यानेच विहीर बंद का करावी? त्यासाठी सगळ्यांना लागू होणारा नियम लागतो. पाण्याची वाटणी आणि निचरा, दोन्हींचा.

हे मला कुठल्या पुस्तकामुळे टोचत नाहीये. माझं आजोळ कृष्णाकाठी. आजोबांच्या उसाला पाटाचं पाणी बदाबदा मिळायचं आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. आज त्यातला एक तुकडा क्षारपड झालाय, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. दुष्काळाने नाही, पाण्याने गेला तो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "पाणी आणा" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: आणाल हो, पण जाणार कुठून?

असो. चहा गार झाला.