फुप्फुसरोपणानंतरची वर्षे

सन २०२३मध्ये आपल्या देशात अवयवरोपणाच्या अठरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी फुप्फुसरोपणाच्या सुमारे दोनशे होत्या, हा आकडा सरकारी दप्तरात आहे, तो दरसाल जाहीर होतो आणि वर्तमानपत्रांतून अभिमानाने छापलाही जातो; परंतु त्या दोनशे माणसांपैकी वर्षाअखेर किती हयात राहिली आणि ती कोणत्या रुग्णालयातली, हे पाहण्याजोगा तक्ता रुग्णाच्या आप्तांच्या हाती कोणी देत नाही. संख्या वाढते आहे याचा आनंद मलाही आहे. पण ज्या उपचारात शस्त्रक्रिया हा केवळ आरंभ असतो, त्याचे मोजमाप शस्त्रक्रियांच्या संख्येने करणे हा रुग्णावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फुप्फुस हा देहाच्या आत असूनही श्वासागणिक बाहेरची धूळ आणि जंतू झेलणारा अवयव. मेंदूमृत दात्याच्या शरीरात तो लवकर बिघडतो, म्हणून ज्यांचे यकृत वा मूत्रपिंड घेता येते अशा कित्येक दात्यांची फुप्फुसे घेता येत नाहीत. काढल्यावर सहा-आठ तासांत ती जोडावी लागतात. आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आजन्म घेऊनही पाच वर्षांच्या मुदतीत जवळजवळ निम्म्या रुग्णांत नवे फुप्फुस हळूहळू नाकारले जाऊन श्वास पुन्हा आखडू लागतो. जगभरच्या नोंदींप्रमाणे निम्मे रुग्ण सहा-सात वर्षांच्या पलीकडे जगतात, निम्मे जगत नाहीत. हे सांगितल्याने रुग्ण खचेल असे म्हणणारे वैद्य मला भेटले आहेत, आणि त्यांच्या करुणेविषयी मला शंका नाही. तथापि ज्याला अंगणापर्यंत जायला प्राणवायूची नळी लागते त्याच्या लेखी सहा वर्षे म्हणजे फार मोठा काळ असतो, आणि त्यासाठी जमीन विकावी की नाही हे ठरवण्यापूर्वी खरी स्थिती कळणे हा त्याचा अधिकार आहे.

अमेरिकेत मे २००५पर्यंत फुप्फुस मिळे ते मुख्यतः प्रतीक्षायादीवर घालवलेल्या काळाच्या क्रमाने. वरकरणी न्याय्य अशा या रीतीत, संथपणे वाढणाऱ्या एम्फिसीमाचा रुग्ण वर्षानुवर्षे वाट पाहू शके, आणि फुप्फुसे तंतुमय होत गेलेला रुग्ण पाळी येण्याआधीच मरण पावे. यादीवरील मृत्यू आणि रोपणानंतरची हयात या दोहोंची नोंद काटेकोर ठेवलेली असल्यामुळेच निकड आणि संभाव्य लाभ तोलणारी गुणांकपद्धती तेथे रचता आली, यादीवरचे मृत्यू घटले, आणि २०२३च्या मार्चमध्ये त्याच नोंदींच्या आधारे ती पद्धतीही बदलून अधिक व्यापक करण्यात आली. आज तेथे वर्षाला तीन हजारांच्या घरात फुप्फुसरोपणे होतात, दहांतले सुमारे नऊ रुग्ण पहिले वर्ष पार करतात, आणि प्रत्येक केंद्राचे निकाल कोणाही नागरिकाला पाहता येतात.

निकाल उघड झाले की रुग्णालये अत्यवस्थ रुग्णांना दाराबाहेर ठेवतील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच रुग्णाची मूळ प्रकृती जमेस धरून आकडे मांडावे लागतात. आपल्याकडे तर हे अधिकच अगत्याचे आहे, कारण आपला रुग्ण पुष्कळदा क्षयाची औषधे विनाकारण घेऊन, उशिरा आणि अशक्त होऊन पोहोचतो. त्यातून बहुतेक फुप्फुसरोपणे दक्षिणेत, विशेषतः चेन्नई आणि हैदराबाद येथे होतात. विदर्भातील वा कोकणातील कुटुंबाने परमुलखात भाड्याची खोली घेऊन महिनोन्‌महिने राहायचे, तर ते कोणत्या भरवशावर, हा प्रश्न निव्वळ आकडेशास्त्राचा राहत नाही.

अवयवरोपणाचा कायदा १९९४चा. २०११च्या दुरुस्तीने दाते आणि ग्राहक यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूदही झाली. रुग्णालयाचा परवाना दर पाच वर्षांनी नूतनीकरणास येतो. त्या अर्जासोबत एक वर्षाची, तीन वर्षांची आणि पाच वर्षांची हयात, तसेच यादीवर असताना दगावलेल्यांची संख्या, तपासून घेण्याची आणि ती मराठीसह प्रादेशिक भाषांत प्रसिद्ध करण्याची सक्ती सरकारला करता येईल. त्यासाठी नवे खाते नको, नवा कायदाही नको. नियमांत एक कलम पुरेसे आहे, आणि ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने याच वर्षी घालावे.