हुतात्मा न झालेल्यांची गोष्ट

यंदाच्या दिवाळी अंकात निम्म्याहून जास्त पाने कथांना दिली आहेत. कवींनी रागावू नये. वसईच्या किनाऱ्यावर कवितेला तोटा नाही; ललित लेख, आठवणी, प्रवासवर्णनेही भरपूर येतात. चणचण आहे ती कथेची, आणि कादंबरीचे तर नावच नको.

कथांकडे वळण्याआधी एका जुन्या सल्ल्याचा समाचार घेतो. ‘तुम्ही ख्रिस्ती मंडळी, दिवाळी अंक कशाला काढता, नाताळ अंक काढा की,’ असे दरवर्षी कोणीतरी म्हणतेच. गंमत म्हणजे म्हणणारे चर्चच्या आवारातलेही असतात आणि बाहेरचेही. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाचे वर्षाचे वाचन दिवाळीत होते. आपण मराठीत लिहितो, तर वाचक वाचायला बसेल तेव्हाच त्याच्यापुढे जावे. विषय संपला.

आता कथांकडे. आलेल्या हस्तलिखितांत सुरुवाती झकास होत्या. एका कथेत डोल काढायला गेलेली बोट वादळात अडकली आहे. अर्नाळ्याच्या बंदरावर बायका बॅटऱ्या घेऊन उभ्या आहेत. त्यांतल्या एकीचे आणि तिच्या नवऱ्याचे पावसाळ्यापासून बोलणे बंद आहे, आणि तो बोटीवर आहे. तिला रडता येत नाही, कारण शेजारणींना सगळे ठाऊक आहे. लेखकाने कोळीवाडा आतून पाहिलेला आहे. बोंबील वाळवायला वलांडीवर टाकताना एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या करतात, आणि ही बाई तसल्या जोड्या लावता लावता मध्येच थांबते, एवढेच त्याने लिहिले आहे. आम्ही वाचताना थांबलो.

मग शेवटचा परिच्छेद. पहाटे बोट येते, नवरा-बायको थेट मिस्साला जातात, फादर क्षमेवर प्रवचन करतात आणि ते प्रवचन दीड पान चालते. प्रवचन वाईट नव्हते. पण त्यासाठी रविवार आहे.

गोष्टीला प्रवचन जोडण्याची ही सवय आजची नाही. इंग्रज लेखक बन्यनच्या रूपककथेचे ‘यात्रिक क्रमण’ हे मराठी भाषांतर हरी केशवजींनी १८४१ मध्ये केले. नंतर १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात, म्हणजे मराठी कादंबरीचा जन्मच एका नवख्रिस्ती तरुणाच्या श्रद्धेतून झाला. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ मध्ये, पुस्तक आले पुढच्याच वर्षी. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांची दैना पाहते, मग स्वतःच विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. आज वाचताना जिथे पात्रे धर्मावर वाद घालू लागतात तिथे डोळे पाने ओलांडून पुढे जातात. पण वाटेत भेटणाऱ्या त्या बायका आपले दुःख सांगू लागल्या की पदमनजी उपदेशक राहत नाहीत. समोर बसून ऐकणारे होतात. त्यांची श्रद्धा खरी कुठे उमटली असेल, तर आमच्या मते यमुनेच्या स्नानसंस्कारात नव्हे, या ऐकण्यात.

पुढच्या काळात आपली ताकद दुसरीकडे गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाला आणि ओवीला ख्रिस्त दिला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. ते आत्मचरित्र आहे, पण कथाकाराला जे यावे लागते ते सगळे त्यात आहे. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, ती मागे राहिली, आणि पुढे ती स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळी तिथे पोहोचली. टिळकांचा राग, विसरभोळेपणा, न सांगता उठून जाणे, तिने काही लपवले नाही. नवऱ्याला संत करण्याचा मोह त्या बाईला झाला नाही, म्हणून तो माणूस अजून आपल्याला घरातला वाटतो.

आमच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये ते गेले. त्यांनी इथल्या दोन पिढ्यांना लिहायला लावले, ‘सुवार्ता’ मासिकातून अनेकांना पहिल्यांदा छापले. तरीही या सगळ्या लिखाणात कल्पित माणसे थोडीच.

कारण उघड आहे. आपला समाज लहान. दारुडा नवरा लिहिला की तीन वाड्यांतले लोक विचारतात, हा अमक्याचाच ना? बिल्डरला जमीन विकून भावाला फसवणारा लिहिला की भाऊबंद फोन करतात. त्यापलीकडे आणखी एक भीती आहे, ती कोणी मोठ्याने बोलत नाही : आपल्याबद्दल बाहेर आधीच काय काय बोलले जाते, त्यात आपणच खाद्य कशाला पुरवायचे? ही भीती खोटी नाही. पण चारही शुभवर्तमाने उघडून पाहा. पेत्र हा मासेमारी करणारा, आपल्यातलाच. अटकेच्या रात्री तो शेकोटीजवळ उभा आहे आणि एका दासीने विचारल्यावर गुरूला ओळखतच नाही म्हणतो, एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या पोपची ही फजिती चौघांपैकी एकानेही गाळली नाही. तेव्हाची मंडळी तर आपल्याहून लहान होती आणि त्यांना धोकाही मोठा होता.

वसईला याबाबत एक वेगळेच देणे आहे, ते असे. संत गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले. जपानला गेले, पुढे व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात सामील झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांसह क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. वसईत त्यांच्या नावाचे कॉलेज आहे, घराघरांत तसबीर आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांच्यावर नाटुकले होते. गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे.

त्याच जपानमधल्या शुसाकू एंडो या कॅथलिक लेखकाने १९६६ मध्ये ‘चिन्मोकु’ म्हणजे ‘मौन’ ही कादंबरी लिहिली. काळ गोन्सालोंच्या नंतर काही दशकांचा, छळ तोच. पण एंडोचा नायक, एक पोर्तुगीज पाद्री, हुतात्मा होत नाही. आपल्यापायी गावकऱ्यांचे हाल चाललेले त्याला ऐकू येत आहेत, ख्रिस्ताची प्रतिमा जमिनीवर ठेवली आहे, तिच्यावर पाय दिला तर ते सुटतील. तो पाय देतो. कादंबरीत किचिजिरो नावाचा एक माणूस आहे. तो पुन्हा पुन्हा विश्वासघात करतो आणि पुन्हा पुन्हा पापाची क्षमा मागायला येऊन उभा राहतो. त्याचा वीट येतो, पाद्र्यालाही आणि वाचकालाही. जपानमधल्या पुष्कळ कॅथलिकांना ही कादंबरी रुचली नाही. स्वाभाविक आहे, त्यांचेही पूर्वज हुतात्मे होते. आम्हाला मात्र वाटते की क्रुसावर गेलेल्या सव्वीस जणांवर श्रद्धा असलेल्या माणसानेच किचिजिरो लिहावा. नास्तिकाच्या हाती तो नुसता लबाड झाला असता.

इतके लांब जायला नको असेल तर गोव्यात जा. माजोर्ड्याच्या दामोदर मावजोंची ‘कार्मेलीन’ ही कोंकणी कादंबरी १९८१ ची. कुवेतला आया म्हणून गेलेली एक कॅथलिक बाई, तिची घरची ओढ, तिची तडजोड आणि तिची प्रार्थना. लेखक हिंदू. आपल्याही गावागावांतून माणसे आखातात गेली, जहाजांवर गेली. त्यांच्या बायका इथे रोजरी म्हणत राहिल्या आणि हप्ते फेडत राहिल्या. त्यांची कादंबरी आपल्यातल्या कोणी का लिहिली नाही, याचे उत्तर ‘वेळ मिळत नाही’ हे नव्हे.

उधळ्या मुलाचा दृष्टांत आपण सगळे शिकवतो. पण तो संपतो कुठे हे नीट वाचा. धाकटा घरात आला, गाणे-बजावणे सुरू झाले. थोरला अंगणात रुसून उभा आहे, बाप त्याला विनवतो आहे, आणि तिथेच गोष्ट थांबते. थोरला आत गेला की नाही, येशूने सांगितले नाही. आमच्याकडे ही कथा आली असती तर त्याने डोळे पुसत भावाला मिठी मारली असती.

एक अट मात्र लेखकांनी आमच्यावर उलटवू नये. प्रवचन नको म्हणजे श्रद्धाच नको असे नाही. फादर दिसला की तो लबाडच, प्रार्थना करणारी बाई भोळसटच, हा दुसरा साचा मराठी कथेत आधीच आहे आणि तो तितकाच कंटाळवाणा आहे. फ्रॉकमधली टायपिस्ट आणि पिऊन गिटार वाजवणारा अंकल यांनीही आता निवृत्त व्हावे. संवाद बोलीत असावेत. कोळी बाई नवऱ्याशी भांडताना प्रार्थनापुस्तकातले मराठी बोलत नाही. सामवेदी, वाडवळी, कोळी जशी बोलली जाते तशी लिहा, अर्थ वाचक लावून घेतील.

बोटीच्या त्या कथेचा शेवट लेखकाने स्वतः बदलून दिला. काय केला ते पुढे वाचा. दुसऱ्या एका कथेवर मात्र संपादक मंडळात भांडण झाले. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, एक म्हातारी सगळ्या कबरींवर मेणबत्ती आणि झेंडू ठेवते, एका सख्ख्या जावेची कबर सोडून. लेखिकेने क्षमा घडवून आणलेली नाही. आमच्यापैकी दोघांचे म्हणणे होते की धर्मग्रामात वाटल्या जाणाऱ्या अंकात हे शोभत नाही. बहुमताने ती जशीच्या तशी छापली आहे. विरोध करणाऱ्या दोघांची टिपणेही कथेखाली दिली आहेत. ती कथेइतकीच मनापासून लिहिलेली आहेत. वाचकांनी पत्राने आपले मत कळवावे.

पुढच्या अंकासाठी कथा नारळी पौर्णिमेपूर्वी याव्यात. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात, जाळी विणता विणता लिहायला सवड मिळते. शब्दमर्यादा नाही.