चार मीटरांची मोटार आणि पाच माणसांचे कुटुंब

मोटार ही केवळ श्रीमंतांची चैन समजली जाई, तो काळ आता मागे पडला आहे. वृद्ध आईवडिलांना रुग्णालयात नेणे, मुलांना परीक्षेच्या केंद्रावर पोहोचविणे, सणासुदीस गावी जाणे, अशा नित्याच्या गरजांसाठी मध्यम परिस्थितीतील कुटुंबेही तिचा विचार करू लागली आहेत. परंतु जिच्यात कित्येक वर्षांची शिल्लक घालावयाची, ती वस्तू रंग पाहून अथवा शेजाऱ्याच्या शिफारशीवरून निवडणे हिताचे नाही. लहान मोटारींतील जरा उंची वर्गात मोडणाऱ्या मारुती सुझुकीची बलेनो, ह्युंदाईची आय-ट्वेंटी आणि टाटांची अल्ट्रोझ या तिघींची पारख कशी करावी, हे येथे पाहू.

प्रथम जागेचा प्रश्न. या तिन्ही मोटारींची लांबी ३,९९० ते ३,९९५ मिलिमीटर आहे. हा योगायोग नव्हे. चार मीटरांहून आखूड आणि १,२०० घन सेंटिमीटरपर्यंतचे पेट्रोल इंजिन किंवा १,५०० पर्यंतचे डिझेल इंजिन असलेल्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २००६ च्या अर्थसंकल्पात २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. पुढे वस्तू व सेवा करातही ही मर्यादा राहिली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोटारींवरील कर १८ टक्के झाला. तेव्हा बाहेरची लांबी करानेच ठरविली आहे; फरक आहे तो आतील मांडणीत.

पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर आय-ट्वेंटीत २,५८० मिलिमीटर, बलेनोत २,५२० आणि अल्ट्रोझमध्ये २,५०१ आहे. रुंदीतही आय-ट्वेंटी १,७७५ मिलिमीटरांसह पुढे आहे. उलट सामानाची जागा अल्ट्रोझमध्ये अधिक, म्हणजे ३४५ लिटर. बलेनोत ती ३१८, तर आय-ट्वेंटीत ३११ लिटर भरते. पण आकडे गुडघ्यांचे दुखणे जाणत नाहीत. घरात जो मोटार चालविणार, त्याच्या उंचीप्रमाणे पुढचे आसन सरकवून त्याच्या मागे घरातील वडीलधाऱ्यांना बसवून पाहावे. चढताना मान वाकवावी लागते काय, उतरताना आधार लागतो काय, मधल्या माणसाचे खांदे आखडतात काय, हे तेथेच कळते. अल्ट्रोझचे दरवाजे जवळजवळ काटकोनात उघडतात. ज्यांच्या घरी वृद्ध आहेत, त्यांनी ही सोय लहान मानू नये. सीएनजीवरील मोटार घेणाऱ्यांनी मागील झाकण अवश्य उघडून पाहावे. बलेनोत वायूची टाकी सामानाची बरीचशी जागा व्यापते. अल्ट्रोझमध्ये दोन लहान टाक्या तळाखाली बसवून २१० लिटर जागा राखली आहे.

इंजिनांच्या बाबतीत मात्र फार खल करण्याचे कारण नाही. तिघींचीही साधी पेट्रोल इंजिने सुमारे १,२०० घन सेंटिमीटरांची असून त्यांची शक्ती ८० ते ९० अश्वशक्तींच्या दरम्यान आहे. बलेनो व आय-ट्वेंटीत चार सिलिंडर असल्याने त्यांचा आवाज मृदू, तर अल्ट्रोझमध्ये तीन असल्याने थरथर थोडी अधिक जाणवते. अल्ट्रोझचे डिझेल इंजिन २०० न्यूटन-मीटर टॉर्क देते, तर तिचे पेट्रोल इंजिन ११५. पाच माणसे व सामान घेऊन वारंवार घाट चढणाऱ्यास हा भेद तत्काळ कळेल. रोजचे धावणे थोडे असेल, तर डिझेलचा जादा खर्च भरून निघण्यास फार वर्षे लागतात.

खरी निवड आहे ती गिअरपेटीची, आणि नेमकी तीच पुष्कळदा दुर्लक्षित राहते. हाताने बदलण्याची पेटी स्वस्त व दुरुस्तीस सोपी. बलेनोत मिळणारी एएमटी म्हणजे तीच पेटी. केवळ क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. त्यामुळे ती किफायतशीर पडते, पण गिअर बदलताना किंचित हिसका बसतो. आय-ट्वेंटीच्या आयव्हीटी पेटीत ठराविक पायऱ्याच नाहीत. दोन कप्प्यांवरून फिरणारा पट्टा त्यांचा व्यास कमीजास्त करीत वेग साधतो. म्हणून ती गर्दीत अतिशय सुखद वाटते, मात्र जोराने दाबल्यास इंजिन ओरडते. अल्ट्रोझमधील दुहेरी क्लचच्या पेटीत एक गिअर चालू असतानाच पुढचा सिद्ध असतो. ती चपळ आहे, पण रचनेने गुंतागुंतीची. तेव्हा हमीची मुदत आणि आपल्या गावातील दुरुस्तीची सोय आधी विचारून घ्यावी.

म्हणून इंदूर, हैदराबाद वा पुणे अशा शहरांच्या गर्दीत जिला रोज दोन तास काढावयाचे आहेत, त्या मोटारीस स्वयंचलित पेटी ही चैन नव्हे. डाव्या पायाचे व कमरेचे ते रक्षण आहे. लहान गावी, मोकळ्या रस्त्यावर हातची पेटीच पुरे. घरात एकाहून अधिक जण मोटार चालविणार असतील, तर त्यांतील सर्वांत नवशिक्या व्यक्तीस चढावर मोटार थांबवून पुन्हा सुरू करावयास सांगावे. ती मागे न घसरता, घाबरगुंडी न उडता पुढे गेली, तर ती मोटार त्या घराची. पैसे भरण्यापूर्वी एवढी परीक्षा घेण्याचा आपला हक्क आहे. तो संकोचाने सोडू नये.