निर्लेखनाच्या यादीतील एक नोंद

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कार्यालयामागची अडगळीची खोली रिकामी करावयाची असून तेथील वस्तूंच्या निर्लेखनाची यादी तयार झाली आहे. मोडकी बाके, सायक्लोस्टाईल यंत्र, गंजलेली दोन कपाटे, आणि त्यांच्या खाली ‘इलेक्ट्रॉनिक टाईपरायटर, इंग्रजी, बंद, नग १’ अशी नोंद आहे. यातला ‘बंद’ हा शब्द आता खरा राहिलेला नाही. त्या एका नोंदीबद्दल सन्माननीय विश्वस्त मंडळाला आणि पालकांना आम्हांला काही सांगायचे आहे.

आम्ही म्हणजे शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबणारे दोन शिक्षक, तीन पालक आणि आठवी-नववीची काही मुले. जूनमध्ये कार्यालयाच्या परवानगीने हे यंत्र आम्ही टेबलावर आणले. बटण दाबल्यावर ते नुसते गुरगुरले. पुढचा सरकणारा भाग जागचा हलेना. उघडून पाहिले तर ज्या दांड्यावरून तो सरकतो, त्यावरचे ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट झाले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस आणि शिवणयंत्राचे दोन थेंब तेल एवढ्यावर काम भागले. काही कळा उमटत नव्हत्या, त्यांच्या खालचे संपर्कबिंदू मुलांनी पुसून काढले. आमचा सगळा खर्च एवढाच!

साधा टाईपरायटर आम्हां मोठ्यांना ठाऊक आहे. गोदरेजने भारतीय बनावटीचा टाईपरायटर १९५५ साली आणला, आणि पुढे कितीतरी कचेऱ्या त्याच्या खडखडाटाने भरून गेल्या. तेथे कळ दाबली की तरफ उचलली जाते आणि खिळा कागदावर आपटतो. सगळे बोटांच्या जोरावर. १९७८ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक टाईपरायटर बाजारात येऊ लागले, त्यांत बोट फक्त सूचना देते. आत एक प्लॅस्टिकची चकती असते, फुलासारखी. तिला डेझी व्हील म्हणतात. शंभराच्या आसपास पाकळ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला एक अक्षर. कळ दाबताच आतला प्रोसेसर कोणती कळ ते ओळखतो, मोटर ती पाकळी वर आणते आणि छोटी हातोडी तिला रिबनवर ठोकते. झाकण काढून ठेवले की हे सर्व डोळ्यांना दिसते. संगणकाच्या खोलीत आमची मुले रोज बसतात, पण तिथे कळ आणि अक्षर यांच्यामध्ये काय घडते ते कोणालाही दाखवता येत नाही. इथे दाखवता येते.

सर्वांत रमली ती मुले रिबनच्या पायी. या यंत्रातली काळ्या फिल्मची रिबन एकदाच वापरायची असते. हातोडी पडली की तेवढ्या अक्षराची शाई कागदावर जाते आणि फिल्मवर पारदर्शक अक्षर उरते. टाकून देण्यापूर्वी मुलांनी जुनी रिबन उलगडून उजेडात धरली, तर कार्यालयातून गेलेली पत्रे वाचता येऊ लागली! शब्दांमध्ये जागा नाही, कारण स्पेस दाबल्यावर रिबन पुढे सरकत नाही. एका ठिकाणी ‘रिसीव्ह्ड’ या शब्दात आर, ई, सी, आय, ई आणि लगेच पुन्हा ई, आय असे सापडले. कारकूनबाईंची चूक आणि तिची दुरुस्ती. कागदावर ती दिसली नसती, कारण दुरुस्तीच्या वेळी यंत्र तेच अक्षर चिकट फितीतून पुन्हा ठोकते आणि शाई उचलून घेते. कोणते अक्षर उचलायचे, हे त्याला आठवावे लागते. ‘मेमरी’ म्हणजे काय, हे नववीच्या मुलीने त्या दिवशी सातवीतल्या भावाला जसे समजावले तसे आम्हांला कधी जमले नव्हते. (पुढे विद्यार्थ्यांची नावे येऊ लागली, तेव्हा रिबन गुंडाळून मुख्याध्यापकांच्या स्वाधीन केली.)

मराठीची चकती कुठे आहे, असेही एकाने विचारले. आमच्याकडे कधीच नव्हती. मराठी पत्रे शेजारच्या साध्या यंत्रावर होत. त्यावर अर्धा ‘श्’ मारून पुढे काना दिला की पूर्ण ‘श’ होई. आपली जोडाक्षरे शंभर पाकळ्यांत कशी बसवाल, हा गृहपाठ मुलांनी स्वतःच घेतला आहे.

आता आक्षेपांविषयी. टाईपरायटर शिकून मुले काय करणार, असे एका पालकांनी विचारले. टंकलेखन आम्ही शिकवीतच नाही. विश्वस्तांपैकी काहींनी आपुलकीने सुचवले की यंत्र पुसून चषकांच्या काचेच्या कपाटात ठेवावे. त्यांच्या भावनेचा आदर आहे, पण तिथे ते पुन्हा ‘बंद’च होईल. धोक्याचा आक्षेप मात्र रास्त आहे. प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरू शकतो. म्हणून तो भाग उघडण्याचा हक्क फक्त शिक्षकांना, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला आणि तो पाळला जातो.

मुले मोडतोड करतील, ही खरी भीती. ती खोटी नाही. ऑगस्टमध्ये चकती नीट न बसवता झाकण लावले आणि ‘के’ अक्षराची पाकळी तुटली. घाई आमच्यापैकी एका मोठ्या माणसाची होती, मुलांची नव्हती. तेव्हापासून ‘के’ दाबला की हातोडी पडते, यंत्र पुढे सरकते, कागद कोरा. अक्षर उमटले की नाही हे ते तपासतच नाही, हे त्या तुटलेल्या पाकळीमुळेच मुलांच्या लक्षात आले.

आपल्या बडोद्यात महाराजा सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढले. दादासाहेब फाळके तेथे शिकले. दर स्नेहसंमेलनात आपण हे अभिमानाने सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ उघडणाऱ्या मुलाच्या पालकांना चिठ्ठी पाठवतो. आम्हीही पाठवल्या आहेत.

आमची मागणी लहान आहे. यादीतून ती ओळ वगळावी, प्रयोगशाळेत खिडकीजवळचे टेबल द्यावे, आणि यंत्र पुन्हा बिघडले तर कोणाकडून भरपाई मागू नये. तसा इंग्रजी अर्ज मुलांनी याच यंत्रावर टाईप करून कार्यालयात दिला आहे. त्यात जेथे जेथे ‘के’ हवा होता, तेथे तो निळ्या पेनाने लिहिलेला आढळेल.