पाऊस घाटाचा, ओल कुणाची?

खोपोलीच्या पावसाचं आपल्याला कौतुक आहे आणि ते असायलाच हवं. घाटमाथ्यावर पडणाऱ्या याच पावसाच्या पाण्यावर टाटांनी १९१५ मध्ये इथं वीज तयार करायला सुरुवात केली. पण या कौतुकाच्या आड एक वाक्य आपण फार सहज खपवून घेतो. ‘पावसाळ्यात ओल येणारच, खोपोली आहे ही!’ रूममालक हे म्हणतो, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात आणि कुबट वास अंगवळणी पडला की दोन महिन्यांनी आपणही तेच म्हणायला लागतो.

माझं म्हणणं सरळ आहे. पाऊस निसर्गाचा असेल, पण तुमच्या बेडशेजारच्या भिंतीतली ओल कुठून तरी येते. ती कुठून येते हे कळलं, की ती दुरुस्त करणं कुणाचं काम आहे हेही कळतं. आपण नेमकं तेवढंच शोधत नाही. थेट रंग मारून मोकळे होतो.

त्यात आपलं टायमिंगही चुकतं. अ‍ॅडमिशन आणि पाऊस साधारण एकाच वेळी येतात. मे महिन्यात रंग मारलेली रूम जूनमध्ये चकाचक दिसते, आपण डिपॉझिट देतो आणि जुलैच्या अखेरीस पोपडे सुटायला लागतात. दुसरा रंग दिवाळीच्या तोंडावर मारला जातो. चार महिने पाणी प्यायलेली भिंत तेव्हा आतून ओलीच असते. वरून रंगाचा थर बसला की ते पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि रंगच फुगवून टाकतं.

मग ओल ओळखायची कशी? सुरुवातीला मशिन लागत नाही, डोळे पुरतात. छतावर तपकिरी कडेचा डाग असेल तर पाणी वरून येतंय. फरशीपासून गुडघ्या-मांडीपर्यंत ओला पट्टा आणि त्यावर पांढरी भुकटी, म्हणजे आपण ज्याला लोणा म्हणतो तो, दिसला तर पाणी बहुधा जमिनीतून वर चढतंय. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात ओल असेल तर फ्रेमची फट किंवा बाहेरच्या भिंतीची भेग बघा. आणि कपाटामागे, गादीमागे काळे-हिरवे ठिपके असतील तर बऱ्याचदा तो खोलीत कोंडलेल्या दमट हवेचा प्रताप असतो.

शंका राहिली तर फॉइल टेस्ट करा. भिंतीचा एक भाग पुसून कोरडा करायचा, त्यावर फूटभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा प्लॅस्टिक ठेवून चारही कडा टेपनं पक्क्या बंद करायच्या. एक-दोन दिवसांनी बघायचं. ओलावा फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला असेल तर तो हवेतला, भिंतीकडच्या बाजूला असेल तर भिंतीतला. हा अंतिम निकाल नाही, पण रंगवाल्याच्या अंदाजापेक्षा नक्की बरा.

त्याहून स्वस्त टेस्ट पेन्सिलची. डागाभोवती रेष मारा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. डाग फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत तपासा. पाऊस थांबूनही तो वाढतच राहिला तर पाइप किंवा वरच्या फ्लॅटचं बाथरूम. ओल मोजायचा मीटरही मिळतो, पण तो जपून वापरा. लोण्यातल्या क्षारांमुळे त्याचं रीडिंग उगाच वाढतं. म्हणून एकाच आकड्यावर जाऊ नका, त्याच खोलीतल्या कोरड्या भिंतीशी तुलना करा.

बुरशीची जात ओळखून देणाऱ्या किटवर मात्र पैसे घालवू नका. बुरशीचे बीजाणू सगळीकडच्या हवेत असतात, किटमध्ये काहीतरी उगवणारच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातल्या ओलीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात बुरशीचा सुरक्षित असा कुठलाही आकडा दिलेला नाही. ओल आणि बुरशीचा संबंध दमा आणि श्वसनाच्या त्रासाशी आहे, म्हणून ओलच हटवा, असं ती सांगतात. दिसली किंवा वास आला, एवढा पुरावा पुरे.

आता जबाबदारीकडे या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती आणि गच्ची गळून वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान, हे सगळं सोसायटीनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं असतं. वरच्या फ्लॅटचं टॉयलेट किंवा सिंक गळत असेल तर खर्च त्या फ्लॅटवाल्याचा. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याचं कलम १४ आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर तो त्यानं तीस दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करायचा.

आणि दमट हवेची ओल? ती बरीचशी आपली. एका खोलीत चार जण, दोरीवर आठ ओले टी-शर्ट, इंडक्शनवर मॅगी आणि खिडकी बंद. इंटरनेटवर सल्ला मिळतो, ‘खिडकी उघडा.’ धो-धो पावसात खोपोलीची बाहेरची हवाच दमट असते, त्यामुळे नुसती खिडकी उघडून भागत नाही. एक्झॉस्ट लावा, पंखा चालू ठेवा, कपाट आणि गादी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

इथं कुणी म्हणेल, भिंतीच्या डागाचा एवढा बाऊ कशाला? कारण काही डाग फक्त रंगाचे नसतात. पाणी सळईपर्यंत पोचलं की ती गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटतं. बीमवर सळईच्या रेषेत भेग दिसली, गंजाचे ओघळ आले किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर विषय रंगवाल्याचा राहत नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा होतो. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. आपल्याच जिल्ह्यात महाडची तारिक गार्डन इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. ती ओलीमुळे पडली असं मी म्हणत नाहीये. पण तिला पंधरा वर्षंही झाली नव्हती. ‘बिल्डिंग नवीन आहे’ हे उत्तर म्हणूनच पुरेसं नाही.

खरी अडचण वेगळी आहे, हे मला माहीत आहे. तक्रार केली तर मालक म्हणेल, ‘जमत नसेल तर सोडा.’ भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्यायोग्य ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, पण ते कलम भाडेकरूबद्दल बोलतं. आपण बहुतेक जण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. ते संरक्षण आपल्याला आपोआप मिळेल असं धरून चालू नका. उलट रूम सोडताना त्याच डागांसाठी डिपॉझिट कापलं जातं.

इंग्लंडमध्ये रॉचडेल इथं डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा त्रास होऊन गेला. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरांना लागू झाला. गंभीर ओलीची तक्रार आली की घरमालक संस्थेनं ठरलेल्या मुदतीत तपासणी करायचीच. मुलाच्या घरच्यांनी तक्रार केली होती, तेव्हा त्यांना भिंत रंगवून घ्या असं सांगण्यात आलं होतं. ओळखीचं वाटतंय ना?

आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर करारात एक ओळ आपण मागू शकतो: ‘छत, भिंत किंवा पाइपमधून ओल आल्यास कळवल्यापासून पंधरा दिवसांत मालक कारण तपासून दुरुस्ती करेल आणि त्या डागांसाठी डिपॉझिट कापलं जाणार नाही.’ रूमचा ताबा घेताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. एकट्यानं मागितलं तर नखरे वाटतील. पण या जूनमध्ये रूम शोधणाऱ्या प्रत्येकानं हीच ओळ मागितली, तर खोपोलीत रंगाचा डबा उघडण्याआधी कुणीतरी गच्चीवर जाऊन बघेल.